सातव्या मजल्यावरचं दार

पद्मावतीला कुठल्याच गोष्टीचा शेवट कधी धड बघायला मिळाला नाही. लहानपणी डिचोलीला देवळासमोर दशावतारी नाटक व्हायचं, आणि राक्षस पडायच्या बेताला आला की बापूस टॉर्च पेटवून म्हणायचा, चला, पाववाला पोदेर यायच्या आत घरी पोचूया. दहावीनंतर शिवणाच्या क्लासला घातली, तर कॉलर शिकवून होते न होते तोच शिकवणारी बाई लग्न होऊन पणजीला गेली. पद्मावतीला कॉलर येते, कोट येत नाही. टीव्हीवरच्या मालिकांचं तर बोलायलाच नको. नेमकी शेवटच्या भागाला वीज जायची, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका काय झालं ते सांगायच्या, त्याही प्रत्येकीचं वेगळं.

ह्या सगळ्याचं तिला तसं वाईट वाटत नसे. राक्षस मरतो, हे न बघताही कळतंच की. पण एक शेवट मात्र घशात माशाचा काटा रुतावा तसा रुतून बसला होता. गिळवत नाही, काढवत नाही. तो शेवट एका व्हिडिओ गेममधला होता.

चाळिशी ओलांडलेली, पेडण्यात घरच्या घरी शिलाईचं मशीन चालवणारी, घरात सासू, बसवर ड्रायव्हर असलेला नवरा, पणजीला हॉस्टेलात राहून शिकणारी मुलगी. अशी बाई खेळातल्या शेवटासाठी झुरते म्हटल्यावर लोक हसणारच. हसतही होते.

गोवा राज्य झालं त्याला तेव्हा पाच-सात वर्षं झाली असतील. पद्मावतीचा बापूस डिचोलीकडे खाणीवर फिटर होता. एका दिवाळीला हात सैल झाला आणि म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून तो टीव्हीला जोडायचा खेळ घेऊन आला. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर चिकटवलेल्या कागदावर नऊचे आकडे एकापुढे एक असे लिहिलेले, जणू आत जगातले सगळे गेम कोंबलेत. होते दहा-बारा. कॅसेट लागली नाही की काढायची, फुंकायची, झग्याने पुसायची, पुन्हा खुपसायची. त्यात एक बुरूज होता, सात मजल्यांचा. खालून लाल पागोट्याचा एक बुटका माणूस शिड्यांवरून वर चढायचा. वरून दगड गडगडत यायचे, वटवाघळं यायची, भालेवाले यायचे. सातव्या मजल्यावर एक दार होतं. खेळाचं नाव चिनी का जपानी अक्षरांत यायचं, म्हणून पद्मावती आणि तिचा भाऊ विठू त्याला नुसतं 'बुटको' म्हणायची.

विठू दोन वर्षांनी मोठा. खेळ बापसाने दोघांना म्हणून आणलेला, पण घरात आलेली वस्तू मुलगा असला की आपोआप मुलाची होते, त्याला कोण काय करणार. हात मात्र पद्मावतीचा चांगला. दगड कुठल्या शिडीवरून येणार ते तिला आधीच कळायचं. सहा मजले ती चढायची, विठू शेजारी बसून चण्याची साल सोलायचा. सातव्याची शिडी दिसली रे दिसली की तो तिच्या हातातून बटणांची पेटी ओढून घ्यायचा.

"दी हांगा. हें चलयांचें काम न्हय."

मुलींचं काम नव्हे म्हणे. आणि मग विठूचा बुटका पहिल्याच दगडाखाली सापडून टपकन खाली. त्या खेळात मध्येच ठेवून द्यायची सोय नव्हती. पडलं की पुन्हा पहिल्या मजल्यापासून. पद्मावतीने पुन्हा चढायचं, विठूने पुन्हा पाडायचं.

एकदा विठू तापाने पडला होता. दुपारी आई शेजारी गेलेली. पद्मावती एकटी चढली. सातव्या मजल्यावरचे तिन्ही भालेवाले तिने लोळवले, बुटका दाराशी पोचला, दार हलायला लागलं. अर्धं उघडलं. आत काहीतरी पिवळं दिसलं, आणि वीज गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. आईने विचारलं, पोटात दुखतं काय. काय सांगणार? दार अर्धं उघडलेलं, आत पिवळं होतं, एवढंच. पिवळं म्हणजे सोनं, की दिव्याचा उजेड, की नुसती रंगवलेली भिंत? पुढच्याच पावसाळ्यात वीज पडली आणि टीव्हीसकट तो खेळ जळाला. विठू दोन दिवसांत विसरला. आता तो जहाजावर मेकॅनिक आहे. फोनवर तिने कधी विषय काढलाच तर म्हणतो, "कसलो बुटको गो?"

लग्न होऊन ती पेडण्याला आली. गोकुळदास माणूस वाईट नाही. दुसऱ्याच्या मालकीची बस चालवतो, पेडणे ते म्हापसा आणि म्हापसा ते पेडणे. घरी आला की तोही बसच्याच सुरात बोलतो, पुढे व्हा, मागे सरा. मशीन तिने माहेराहून आणलं होतं. आधी गावातल्या बायकांची झंपरं, मग हरमलच्या दुकानांना विदेशी लोकांच्या त्या सैल, नाडीच्या विजारी, मग मांद्र्याच्या गेस्टहाऊसांचे पडदे नि उशांचे अभ्रे. चतुर्थीच्या आधी मान वर करायला सवड नाही, दिवाळीच्या आधी नाही, सीझन सुरू झाला की नाहीच नाही.

मांद्र्याला साईश म्हणून एक आहे, त्याचं गेस्टहाऊस. एका सीझनच्या अखेरीला ती त्याच्याकडे पडदे पोचवायला गेली, तर मेजाच्या खणात तळव्याएवढं एक यंत्र पडलेलं. काचेची चौकोनी पाटी, दोन्ही बाजूंना बटणं. कोणी पाहुणा मागे ठेवून गेला होता, पुन्हा कळवूनसुद्धा परत मागितलं नाही. पद्मावतीने ते हातात घेतलं आणि अंगठे आपोआप बटणांवर जाऊन बसले. साईशच्या ते लक्षात आलं.

त्याने तिला समजावून सांगितलं की ही स्वस्तातली वस्तू आहे, आत जे खेळ येतात ते फालतू. पण हिचं आतलं कुलूप मोडता येतं. मेमरी कार्ड बदलायचं, त्यावर लोकांनी फुकट बनवून ठेवलेली सिस्टिम चढवायची, मग जगातला कुठलाही जुना गेम हिच्यावर चालतो. "पोरनो म्हणजे कितलो पोरनो?" किती जुना, ते तिने विचारलं. साईश म्हणाला, वयनी, तुमी आनी हांव जल्माक येवचे आदले पासून आसात. पडद्यांच्या शिलाईच्या पैशांत ते यंत्र धरून ती घरी आली. तिच्या एका बऱ्या साडीपेक्षाही स्वस्तात पडलं.

आणि तिथून तिच्या डोक्याचा भुगा सुरू झाला.

कार्ड आणायला ती म्हापशाला गेली, तर उतरेपर्यंत दुपारचा एक वाजलेला. दुकानवाल्याने तिच्या नाकासमोर शटर ओढलं. आता चार वाजता, म्हणाला, आणि जेवायला नि झोपायला गेला. बाजारभर सगळीच शटरं खाली. स्टँडवरच्या बाकड्यावर मासळीच्या पाट्यांशेजारी तिने दुपार काढली. कार्ड घेऊन आली तर ते बनावट निघालं. बाहेर लिहिलेलं एक, आत मावायचं भलतंच. पुन्हा म्हापसा. ह्या वेळी ती सकाळच्या पहिल्या बसने गेली, नवऱ्याच्याच, आणि त्याने सगळ्या बससमोर विचारलं, खेळणें हाडूंक वता मगे? खेळणं आणायला चाललीस ना, म्हणून.

सिस्टिम कशी चढवायची ते मोबाइलवर बघायचं. इंग्लिशवाले इतके भराभर बोलत की टाचणी पडेपर्यंत चार पायऱ्या पुढे. हिंदीवाला आधी अर्धा तास स्वतःचंच सांगत बसे. शेवटी एक ब्राझीलचा टक्कल पडलेला माणूस सापडला. तो एकेक बटण बोट ठेवून दाखवायचा, पण बोलायचा पोर्तुगीज. पद्मावती चित्र बघत त्याच्यामागून चालली होती, तेवढ्यात पाठीमागे भाजी चिरत बसलेली सासू म्हणाली, "राव म्हणता तो तुका. घाय करू नाका म्हणता."

'राव', म्हणजे थांब. सासू सरस्वतीबाई सत्तरीच्या पुढच्या. गोवा मुक्तीच्या आधी पेडण्याच्या पोर्तुगीज शाळेत दोन इयत्ता गेलेल्या. त्या दोन इयत्तांतलं काय उरलं होतं ते त्या दिवशी कळलं. 'कुइदाद' म्हणजे सांभाळून, 'थांब', 'परत', 'आता', एवढं त्यांना लागायचं. मग सासू-सून दोघी त्या टकल्याच्या समोर बसल्या. सासू एका हातात विळी सांभाळत सांगायची, कुइदाद म्हणता गो, कितें तरी वायट करतां तूं. आणि खरंच तेव्हा पद्मावतीचं बोट चुकीच्या जागी असायचं. असा सुखाचा तास त्या दोघींनी एकमेकींबरोबर बऱ्याच वर्षांत काढला नव्हता. पण सिस्टिम चढली आणि सरस्वतीबाई पुन्हा सासू झाल्या. देवाचं नाव घ्यायच्या वयाकडे चाललीस, म्हणाल्या, आणि बटणां दामतां.

मग बुटका शोधायचा. नाव माहीत नाही. ती अक्षरं मोबाइलवर लिहिता येत नाहीत. हजारो गेम, प्रत्येकाचं पहिलं चित्र उघडून बघायचं. शिलाई करता करता, भात शिजता शिजता ती चित्रं बघत राहिली. आषाढ गेला. श्रावणात एका दुपारी लाल पागोटं दिसलं, आणि तीच ती टुकटुकणारी धून वाजली. पद्मावतीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि स्वतःचाच रागही आला, हे काय रडायचं कारण आहे?

आता सुखाने चढायचं की नाही? नाही. ह्या यंत्रात खेळ मध्येच जपून ठेवायची सोय होती; तिला सगळ्यात जास्त हुरूप त्याचाच होता. पण जपायचं बटण दाबलं की काच गोठायची. एकदा गोठली ती अशी की कार्डावरचं सगळं पुसलं गेलं. पुन्हा टकल्या, पुन्हा सासू, पुन्हा कुइदाद. दुसऱ्यांदाही तेच. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, इथे तर नकटी उभी राहायच्या आधीच मांडव कोसळत होता. साईशला फोन केला तर तो म्हणाला, त्या कार्डाचो दोश आसतलो, बरें कार्ड घाल. बरं कार्ड म्हणजे पुन्हा म्हापसा.

तिने मग जपायचं नावच सोडलं. कडेचं बटण हळूच दाबलं की यंत्र झोपायचं; काच काळी, पण आत बुटका जिथल्या तिथे शिडीवर उभा. बॅटरी मात्र संपता कामा नये. संपली की बुटका मेला. म्हणून यंत्र सदा जनेलाशी, म्हणजे खिडकीशी, चार्जरला लावलेलं. मशीनवरून उठली की दोन शिड्या, डाळ उकळेपर्यंत एक मजला. गोकुळदास म्हणायचा, एक मशीन उणें पडलां म्हणून आनीक एक हाडलां. मुलगी फोनवर म्हणाली, आई, मोबाइलवर कितीतरी चांगले गेम आहेत. कोणाला सांगणार की तिला गेम नको, दार पाहिजे.

चतुर्थी गेली. नवरात्रातल्या अष्टमीच्या संध्याकाळी ती सहावा मजला ओलांडून सातव्याच्या शिडीखाली येऊन उभी राहिली. तिथे ती थांबली. मुद्दाम थांबली. समोर चुलीवर आमटी होती, नवरा यायची वेळ, आणि दारात शेजारची सत्यवती झंपर घेऊन उभी: दसऱ्याला नेसायची साडी, झंपर बाहीत आवळतं, एवढं सैल करून दे. पद्मावतीने तिला सांगितलं, उद्या खंडेनवमी, मशीन पूजेला बसतं, आता दसऱ्यानंतरच. सत्यवती कुरकुरत गेली.

कारण खंडेनवमी हा पद्मावतीचा वर्षातला एकुलता एक हक्काचा दिवस. हत्यारांची पूजा झाली की ती दसऱ्याच्या उत्तरपूजेपर्यंत हलवायची नाहीत, चालवायची नाहीत. मशीनला माळ, कातरीला माळ. आजारी पडली तरी लोक झंपर घेऊन येतात, पण खंडेनवमीला कोणाची टाप नाही. त्या दिवशी जेवणं झाली की ती जनेलापाशी बसणार होती, कोणी ओढून घेणार नाही, कोणी हाक मारणार नाही अशी, आणि ते दार उघडणार होती. यंत्र झोपवून, चार्जर नीट बसलाय ना ते दोनदा बघून ती उठली.

सकाळी नवऱ्याच्या बसची पूजा रस्त्यावर होती. ताट, नारळ, रोजांच्या फुलांच्या, म्हणजे झेंडूच्या, माळा घेऊन ती वडाखाली गेली. बसच्या नाकावर केळीचे खांब बांधले, काचेवर स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. गोकुळदासने नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं वाटलं, आणि घंटी मारून बस म्हापशाला निघाली, माळा उडवत. पद्मावती हलक्या पावलांनी घरी आली.

देवासमोर पाट मांडलेला. त्यावर सरस्वतीबाईंनी एकट्यांनी सगळी पूजा मांडली होती: कोयता, कुदळ, जास्तीची विळी, गोकुळदासचे पाने-पक्कड, कातर, टेप. बाजूला मशीन, चाकावर माळ. आणि मधोमध, कलशाच्या पुढ्यात, तांदळाच्या राशीवर, ते यंत्र.

काच उजळलेली होती. पुसताना कडेचं बटण दाबलं गेलं असणार. बुटका शिडीखाली उभा, धून बारीक वाजत होती. वर कोपऱ्यात बॅटरीचं चित्र अर्ध्याहून खाली आलेलं. चार्जर जनेलाशी नुसताच लोंबत होता.

"आई, हें कित्याक घालें हांगा?"

"कित्याक म्हणजे? तुजें न्ही तें?" सरस्वतीबाई समाधानाने म्हणाल्या. "मशीन घालें, कातर घाली, तेंय घालें. हात तर तुजो दीसभर त्याचेरच आसता. हत्यार म्हणजे आनी कितें गो? आनी पळय, पूजा करतकच ज्योत पेटली त्याची."

इतके महिने ह्याच बाईने त्याला खेळणं म्हटलं, नाकं मुरडली. आज मानाने कलशापुढे बसवलंय, तर आजच. तिने सांगून बघितलं की हे उजेडात राहिलं तर आतली बॅटरी संपते, आणि संपली की सगळं गेलं, सहा मजले गेले. सासूने ऐकून घेतलं. फाल्यां दसऱ्याक उत्तरपूजा जातकच काड, म्हणाल्या, देवासमोर एक दीस रावल्यार कोण मरना.

"मरता, आई. तोच मरता."

पण सरस्वतीबाई नैवेद्याच्या तयारीला लागल्या होत्या.

हलवायचं नाही ना? ठीक. हलवत नाही. पद्मावतीने स्वयंपाकघरातून लांब वायरीचा बोर्ड आणला, पाटाच्या कडेने वायर नेली, आणि पोटावर वाकून, यंत्र जागचं न उचलता, चार्जरची पिन खाली सरकवली. पिन आत जाईना. तिने मान आणखी वाकडी केली. खालच्या भोकात ओलं गंध आणि कुंकू गच्च बसलं होतं.

"थंय तोंड आसा न्ही त्याचें? म्हणून थंयच तिळो लायलो," सरस्वतीबाई आतून म्हणाल्या. खरंच होतं. मशीनला त्या बॉबिनच्या तोंडाशी गंध लावत, कोयत्याला पात्याशी. ज्याचं त्याचं तोंड बघून टिळा. चूक काढायची तर कुठे काढायची?

बॅटरी आणखी खाली आली. पद्मावती पाटासमोर उकिडवी बसून तिच्याकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला; नवऱ्याचीच बस, पहिली फेरी करून परतत होती. ती तशीच उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली.

"बशीची पूजा जाली आनी बस म्हापशां वचून आयली. बशीक चलता, माका चलना?"

सरस्वतीबाईंचा हात थांबला. हे त्यांनी आधी कधी ऐकलं नव्हतं, म्हणजे असा सवालच त्यांना कोणी केला नव्हता. त्यांनी विचार केला, आणि जे सांगितलं ते नेमाला धरूनच सांगितलं. बस लोकांची, ती थांबली तर लोक चालत जाणार काय? आणि तिची पूजा रस्त्यावर, वेगळी. घरची पूजा एका कलशावर, सगळ्यांची मिळून एक. "एक उखललें काय सगळी उखलली. मागीर मशीनय सुटलें आनी कातरय सुटली. सत्यवती आयली तर तिका मशीन पूजेंत आसा म्हणून सांगपाक जावचें ना. देवाचें नांव घेवन खोटें सांगूंक जायना, पद्मा."

म्हणजे सुट्टी पाहिजे तर दार नाही, आणि दार पाहिजे तर सुट्टी नाही. वर्षातला एक दिवस, तोही असा तागडीत घालून मोजून द्यायचा. पद्मावतीच्या मनात आलं, ह्या घरात वीस वर्षं शिवतेय, एकदा तरी कोणी विचारलं का, तुला मध्ये उठवू का म्हणून. पण हे बोलायचं कोणाला? सासूच्या चेहऱ्यावर राग नव्हता, खोडी नव्हती. नियम होता, तो त्यांनी सांगितला.

"काडा मगे उत्तरपूजा."

"आतांच?"

"आतांच."

सरस्वतीबाईंनी हात धुतले. आणि उत्तरपूजा म्हटल्यावर ती त्यांनी यथासांग करायला घेतली. फुलवात कुठे आहे? तुपातली पाहिजे. नैवेद्याला गूळ-खोबरं आण. वाटी ही नको, चांदीची. पद्मावती स्वयंपाकघर ते देव्हारा अशी धावत होती आणि प्रत्येक फेरीला वाकून बघत होती. बॅटरीचं चित्र आता तांबडं झालेलं, लुकलुकत होतं. आरती सुरू झाली. सासूबाईंनी सगळी कडवी म्हटली, जी कोणी म्हणत नाही तीही. पद्मावती घंटा वाजवत होती, जरा घाईने. सासूने डोळे न उघडता हातानेच हळू म्हणून सांगितलं.

शेवटी अक्षता पडल्या, कलश हलला. "घे," सरस्वतीबाई म्हणाल्या.

ती तिथेच, पाटाला टेकून, जमिनीवर बसली. बटणं गंधाने चिकट झालेली. पहिला दगड येताना अंगठा अडकला आणि बुटका थोडक्यात वाचला. तिने अंगठे पदराला पुसले. शिडी चढली. पहिला भालेवाला. दुसरा.

"आरतेची घांट आयकली गो," दारातून सत्यवतीचा आवाज आला. काखेत झंपर. "पूजा काडली तुमी? मगे आतां जाता न्ही..."

"राव."

पद्मावतीने मान वर केली नाही. सत्यवती पायरीवरच राहिली. सरस्वतीबाई सुनेच्या खांद्यावरून वाकल्या होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"वयर पळय. वयर पळय गो, येता तें."

वटवाघूळ होतं. पद्मावतीने ते चुकवलं. तिसरा भालेवाला दारासमोर उभा राहून इकडून तिकडे फेऱ्या घालत होता. त्याची चाल तिला पाठ होती, इतकी वर्षं पाठ होती. दोन पावलं, वळला, दोन पावलं. तिने बुटक्याला उडी मारायला लावली आणि तो भालेवाला कोसळला. दार हललं. अर्धं उघडलं. आत पिवळं. दार पूर्ण उघडलं, धून बदलली, तिने कधी न ऐकलेली अशी दुसरीच धून, तीन-चार सूर. बुटका आपल्या आपण चालायला लागला, पिवळ्यात शिरला.

आणि काच काळी झाली.

ती वाट बघत राहिली. खेळ संपला की आधी काळं होतं, मग काहीतरी येतं. आलं नाही. तिने बटण दाबलं. दुसरं दाबलं. कडेचं दाबलं, धरून ठेवलं. काचेत तिचाच चेहरा आणि त्याच्यामागे सासूचा.

"सोंपलो?" सरस्वतीबाईंनी विचारलं.

"कळना."

"कळना म्हणजे?"

म्हणजे हेच, की बुटका आत गेल्यावर काळं होतं आणि तिथेच संपतं, की बॅटरी नेमकी तेव्हा मेली, हे आता सांगायचं कोणी? शेवट आला का गेला? दोन्हींत दिसतं ते काळंच. ती सासूला हे समजावत गेली आणि समजावता समजावता तिचा आवाज चढत गेला. सत्यवती पायरीवरून ऐकत होती, कोणाचं तरी काहीतरी बरंच वाईट झालंय अशा चेहऱ्याने.

"दार उगडलें न्ही पूण?" सरस्वतीबाई म्हणाल्या. "हांवेंय पळयलें. उगडलें, तो भितर गेलो. आनी कितें जाय तुका?"

"भितर कितें आसा तें जाय."

आत काय असणार ते सासूलाही आता बघायचं होतं असं त्यांच्या तोंडावर दिसलं, पण तसं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी पाटावरचे तांदूळ गोळा करायला घेतले.

पद्मावतीने यंत्र उपडं केलं. भोकातलं गंध आतापर्यंत वाळून सिमेंट झालं होतं. मशीनच्या खणातून तिने बारीक सुई काढली आणि एकेक कण टोकरायला लागली. सत्यवती चुळबुळत आत आली, झंपर मशीनवर ठेवलं, आणि विचारलं की संध्याकाळपर्यंत होईल ना. होईल, पद्मावती म्हणाली, पूजा उठली म्हणजे करायला हवंच. पण ह्यानंतर दिवाळीपर्यंत काही आणू नको, आणि तुझ्या जावेलाही सांग, आणि वाड्यावर सगळ्यांनाच सांग.

"कित्याक गो? खंय वतां तूं?"

कुठे जाणार? पुन्हा पहिल्या मजल्यापासून वर. पद्मावतीने झंपरासाठी टाचण्या ओठांत धरल्या होत्या, आणि भोकाच्या तळाशी कुंकवाचा एक खडा अजून हलत नव्हता.